कार्डावर १०० लिहिलंय, मग स्पीड जातो कुठे?

प्रश्न : सर, फोनसाठी १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेतलं, पाकिटावर १०० एमबी पर सेकंद छापलंय. भाचीच्या हळदीचे आणि लग्नाचे व्हिडिओ, सगळे मिळून २५ जीबी, फोनमधून कार्डावर टाकायला अर्धा तास लागला. दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला का? स्पीड घरी कसा तपासायचा?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी हिशोब करू. २५ जीबी म्हणजे साधारण २५,००० एमबी, अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद, भागाकार केला की १४ च्या आसपास येतं. आता कार्ड हातात घेऊन नीट बघा (चष्मा लागेल, अक्षरं मुंगीएवढी असतात), इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ आहे का ३? १ असेल तर लिहिण्याच्या, म्हणजे कार्डावर फाइल टाकण्याच्या, स्पीडचा कंपनीने शब्द दिलाय फक्त सेकंदाला १० एमबीचा, ३ असेल किंवा व्ही३० छापलं असेल तर ३० चा. ते मोठ्ठं १०० असतं वाचण्याचं, म्हणजे कार्डावरून फाइल काढण्याचं, तेही 'अप टू'. म्हणजे यू१ असेल तर तुमचं कार्ड बिचारं शब्दाला जागलंय, दुकानदाराशी भांडू नका.

टेस्ट करायला ॲप आहेत, पण बरेचदा छोटी फाइल लिहून बघतात, ती फोनच्या रॅममध्येच जाऊन बसते आणि आकडा फुगून येतो, त्यापेक्षा माझा देशी उपाय करा. ४ जीबीच्या जरा आतली एकच व्हिडिओ फाइल घ्या, दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा आणि कार्डावर कॉपी करा. ३ मिनिटं २० सेकंद लागले तर २० चा स्पीड. एकच फाइल म्हणतोय बरं का, व्हॉट्सॲपचे हजारभर गुड मॉर्निंग फोटो टाकून टेस्ट कराल तर चांगलं कार्डसुद्धा रांगायला लागेल, कारण दर छोट्या फाइलमागे नोंदी करण्यातच त्याचा वेळ जातो. कॉम्प्युटरवर करणार असाल तर कार्ड रीडर यूएसबी ३ चा हवा, जुन्या यूएसबी २ वाल्यात ३०-४० च्या वर काही सरकत नाही आणि दोष मात्र कार्डाला.

डुप्लिकेटची शंका असेल तर स्पीडच्या आधी जागा तपासा. नकली कार्ड फोनला १२८ दाखवतं, आत मात्र ८ किंवा १६ च असतात, तेवढं भरलं की पुढचे व्हिडिओ कॉपी झाल्यासारखे दिसतात पण उघडत नाहीत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून पडताळतं, स्पीडही सांगतं. तीन-साडेतीन तास जातील, रात्री लावून झोपा. आणि हो, विंडोज १२८ च्या जागी ११९ दाखवेल, ती चोरी नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

हे सगळं होईपर्यंत लग्नाचे व्हिडिओ फोनमधून उडवू नका.