नील बेटावर किनाऱ्यालगतच्या बांबूच्या झोपडीत आई-बाबांना घेऊन राहावं का?

डिसेंबरात अंदमानला जाताय, नीलवर दोन रात्री ठेवल्यात, समुद्राकाठच्या बांबूच्या खोल्यांचे फोटो आवडलेत आणि सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर जरूर राहा. फक्त खोली ठरवताना फोटोंपेक्षा भरती-ओहोटीकडे जास्त लक्ष द्या.

नीलभोवती प्रवाळाचे खडक आहेत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याची पातळी दीड-दोन मीटर खाली-वर होते. ओहोटी लागली की लॉजसमोरचा निळा समुद्र मागे हटतो आणि मेलेल्या प्रवाळांचे धारदार दगड उघडे पडतात. तिथे अनवाणी चालता येत नाही, पोहणं तर दूरच. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर हे फार जाणवतं. जेट्टीजवळच्या भरतपूर किनाऱ्याचा तळ बराचसा वाळूचा आहे, तिथे म्हातारी माणसंसुद्धा गुडघाभर पाण्यात निवांत बसतात. म्हणून लॉजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आम्ही असू त्या तारखांना समोर पोहता येईल का, आणि किती वाजता? खरा माणूस असेल तर लगेच वेळ सांगतो. 'कधीही या, साहेब' म्हणाला, तर दुसरीकडे फोन लावा.

उलट 'लक्ष्मणपूर दोन' या किनाऱ्याजवळची दगडी कमान, जिला स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच पाहायची. पण वाट शेवाळलेल्या दगडांवरून जाते. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना काठावर शहाळं देऊन बसवा.

आता खोली. बांबूच्या चटईच्या भिंती, वर पत्रा किंवा झावळ्या, पलंग, मच्छरदाणी, पंखा. शेजारच्यांचं घोरणं फुकट ऐकायला मिळतं, पाली तर असतातच. नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, त्यात साबणाला नीट फेस येत नाही. प्यायचं पाणी वेगळं घ्यावं लागतं. वीज अधूनमधून जाते, तेव्हा लॉजच्या जनरेटरवर पंखा चालतो की नुसता दिवा, हे आधीच विचारून ठेवा. कमोड आहे का आणि बाथरूमची पायरी केवढी आहे, हेही. फोटोत नेमकं हेच दिसत नाही.

जेवणाची मात्र चैन आहे. 1960च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, आणि त्यांनी बेटाची शेती अशी केली की आजही अंदमानातल्या इतर बाजारांत नीलची भाजी जाते. त्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. मासे मोहरीच्या तेलातले. आपल्या सुरमई-सोलकढीची सवय असलेल्या जिभेला पहिला घास चमत्कारिक लागतो, दुसऱ्या जेवणाला मी स्वतःहून मागून घेतले. रात्रीचं जेवण दुपारीच सांगावं लागतं. छोट्या लॉजचं स्वयंपाकघर त्या दिवशी आलेल्या माशांवर आणि तुम्ही दिलेल्या ऑर्डरवर चालतं, नऊ वाजता जाऊन मेन्यू मागितलात तर ऑम्लेट मिळेल.

आणखी एक गोष्ट सहलवाले सांगत नाहीत. घड्याळ आपलंच असलं तरी हे बेट पूर्वेला इतकं दूर आहे की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. पुण्या-मुंबईच्या हिशोबाने चारचा चहा घेत बसलात तर सूर्यास्त हुकलाच. लवकर झोपा आणि पहाटे सूर्योदय पाहायला सीतापूरच्या किनाऱ्यावर जा. संध्याकाळ मोठी असते, नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा पत्ते न्या. रोख पैसेही पुरेसे न्या. तिन्हीसांजेला वाळूतल्या बारीक माशा चावतात आणि खाज दिवसेंदिवस राहते, म्हणून आईसाठी पायघोळ सुती कपडे आणि खोबरेल तेल ठेवा.

बऱ्याच ठिकाणी एकाच आवारात बांबूच्या आणि पक्क्या अशा दोन्ही खोल्या असतात. आई-बाबांना पक्की द्या, तुम्ही झोपडीत राहा. अंगण एकच असल्याने चहाला सगळे एकत्रच असता.

सरकारी कागदावर 2018 पासून हे शहीद द्वीप आहे. बोटीच्या तिकिटावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ पिशवीत भरू नका, प्रवाळ नेणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान उघडून काढून घेतात. आणि नीलहून परतीची बोट व घरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, विमान काही थांबत नाही.