वाचकांचे प्रश्न : लहान खोलीत मोठे स्पीकर

प्रश्न : थोरले बंधू परदेशी स्थायिक झाले तेव्हा त्यांचे जमिनीवर उभे राहणारे, 12 इंची वूफरचे (खालचे स्वर देणाऱ्या भागाचे) थ्री-वे स्पीकर माझ्याकडे आले. माझी खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि घर जुन्या बांधणीचे असल्याने 10 फूट उंच आहे. स्पीकर रुंदीच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत आणि दिवाण समोरच्या भिंतीला लागून आहे. ख्याल ऐकताना डग्गा इतका घुमतो की ठेक्यातल्या मात्रा सुट्या ऐकू येत नाहीत आणि तानपुऱ्याचा खर्ज गायकाच्या आवाजावर चढतो. नवल असे की, लांबीच्या भिंतीत मधोमध असलेल्या दारात उभा राहिलो की हेच ध्वनिमुद्रण स्वच्छ लागते. विक्रेता म्हणतो, स्पीकर विकून लहान घ्या. काय करावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : इतक्यात विकू नका. आपण खोलीची उंचीही कळवली आणि दारातला अनुभव नेमका टिपला, त्यामुळे दोष कोठे आहे हे बऱ्याच खात्रीने सांगता येते.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 344 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट ज्या स्वराची तरंगलांबी असते, तो स्वर त्या भिंतींमध्ये अडकतो आणि वूफर थांबला तरी रेंगाळत राहतो. आपल्या खोलीच्या लांबीचा असा स्वर 47 हर्ट्झचा (सेकंदाला 47 कंपनांचा) आहे, तर रुंदी आणि उंची सारखीच असल्याने त्या दोहोंचा 56 हर्ट्झचा. याखेरीज लांबी आणि उंची मिळून 73 हर्ट्झला आणखी एक अनुनाद, म्हणजे असाच अडकून घुमणारा स्वर, तयार होतो आणि आपला खरा त्रास मला तेथे दिसतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झचा असतो आणि डग्ग्याचा घुमाराही याच परिसरात वावरतो. हा अनुनाद भिंतीला टेकून बसणाऱ्याला सर्वाधिक जाणवतो आणि लांबीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे दिवाण सर्वांत वाईट जागी आहे आणि दार नेमके मोकळ्या जागी.

त्यातच स्पीकर कोपऱ्यात आहेत. वूफरजवळची प्रत्येक भिंत आणि जमीन खालच्या स्वरांना 6 डेसिबलपर्यंत बळ देते. पॉल क्लिप्श यांनी 1946 साली बाजारात आणलेला क्लिप्शहॉर्न हा अवाढव्य स्पीकर मुद्दाम कोपऱ्यासाठीच रचलेला होता, कारण कोपऱ्याच्या भिंती त्याच्या भोंग्याचाच पुढचा भाग होत. आपल्या स्पीकरची रचना मात्र तशी नाही. अमेरिकी मासिकांतले सल्लेही जपून वाचावेत, कारण तिकडच्या लाकडी सांगाड्यावरच्या पातळ भिंती खालचे स्वर काही अंशी शोषतात आणि बाहेर जाऊ देतात, तर आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती ते जवळजवळ सगळे परत पाठवतात.

म्हणून आधी फक्त जागा बदलून पाहा. दिवाण पुढे ओढून कान मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येतील असे बसा. अगदी मध्यावर बसू नका, कारण तेथे 47 हर्ट्झचा स्वरही हरवतो आणि संगीत पोकळ लागते. स्पीकर कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतींपासून दोन फूट आणि त्यांच्या मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आणा. मोबाइलमधल्या स्वरजनकातून 73 हर्ट्झचा स्वर हलक्या आवाजात लावून, कान बसल्याच्या उंचीवर राहतील असे वाकून, भिंतीपासून मध्यापर्यंत सावकाश चाला, म्हणजे आवाज कोठे फुगतो आणि कोठे विरतो हे आपल्याच कानांनी कळेल. घरात लोखंडी कपाट असेल तर त्याच्या दारावर त्या वेळी तळहात ठेवून पाहा. दार थरथरत असेल तर तोही आवाज डग्ग्यात मिसळतो आहे.

यानंतर शोषण. या स्वराच्या तरंगलांबीचा चतुर्थांशसुद्धा जवळपास चार फूट भरतो, त्यामुळे पातळ फोम, अंड्यांचे ट्रे किंवा गालिचा यांचा डग्ग्यावर काडीचाही परिणाम होत नाही. उलट तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) मात्र मंदावते आणि ते नुकसान मला अधिक वाईट वाटते. त्यापेक्षा घरातल्या दोन कापसाच्या गाद्या घट्ट गुंडाळून आपल्या पाठीमागच्या कोपऱ्यांत उभ्या करा आणि तोच ख्याल पुन्हा ऐका. फरक पटला तर पुढे रॉकवूलच्या (खनिज तंतूंच्या) जाड पट्ट्यांचा खर्च करावा. स्पीकरला पोर्टचे (हवा आत-बाहेर जाण्याचे) भोक असेल तर त्यात स्वच्छ मोजे सैलसर कोंबून पाहणेही फुकटचे आहे. त्याने अगदी खालचे स्वर घटतात, पण लहान खोली त्यातला काही भाग स्वतःच भरून देते. इक्वलायझर (निवडक स्वर कमी-जास्त करण्याचे साधन) हाताशी असेल तर त्याने फुगलेल्या स्वराचा उंचवटा कापावा, हरवलेल्या स्वराचा खड्डा मात्र भरू नये, कारण तो भरताना वूफर आणि अॅम्प्लिफायर दोन्ही ताणले जातात.

मोठ्या स्पीकरची लहान खोलीतली खरी अडचण वेगळीच आहे. थ्री-वे स्पीकरमधून तीन ठिकाणांहून येणारा आवाज एकजीव व्हायला अंतर लागते आणि आपल्याला ते जेमतेम सहा फूट मिळेल. एकाच गायकाची तान ऐकताना बसल्या जागेवरून हळूहळू उभे राहा. तेवढ्याने आवाजाचा पोत स्पष्ट बदलत असेल, किंवा खालचे स्वर वूफरमधून आणि वरचे ट्वीटरमधून असे सुटे येत असतील, तर ते गादीने किंवा इक्वलायझरने जुळणार नाहीत. मग मात्र हे स्पीकर मोठी खोली मिळेपर्यंत झाकून ठेवा आणि सध्या पाच-सहा इंची वूफरची लहान जोडी वापरा.