एक एकर विकून खाणीची पदवी घेऊ नका

तुमसर तालुक्यातील एका शेतकरी पालकांचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला, परंतु सीईटीत अभियांत्रिकीला सरळ प्रवेश मिळेल इतके गुण त्याला मिळाले नाहीत. आता धानाच्या तीन एकरांपैकी एक एकर विकून त्याला खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून खाण अभियांत्रिकीला घालायचे वडिलांनी ठरवले आहे, कारण ‘खाण गावाला लागूनच आहे, पदवी हाती आली की मॉइलमध्ये (मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीत) लागेलच.’ मुलाला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक व्हायचे आहे, पण ‘त्याची समजूत काढली आहे.’ पत्राच्या शेवटी अकरावीतील धाकट्या मुलीचा उल्लेख आहे. तिचे गुण चांगले आहेत, तिला बारावीनंतर नर्सिंगला टाकायचे आहे, आणि रस्त्याच्या कडेचे मँगनीजचे खडे गोळा करून ते पाण्यात बुडवून वजन करण्याचा ‘नाद’ तिला लागला आहे. पण ‘खाणीत मुलींना घेत नाहीत’, असे वडिलांनी लिहिले आहे.

आदरणीय महोदय,

आपण मुलाच्या गुणांविषयी लिहिले आहे, पण मला काळजी वाटली ती ‘समजूत काढली आहे’ या तीन शब्दांची. घरातील मोठ्यांनी समजूत काढली म्हणजे बहुतेक वेळा मुलगा गप्प बसला, एवढेच घडलेले असते. ज्याच्या शिक्षणासाठी जमीन विकली जाणार आहे, त्याला ते शिक्षण हवे आहे असे आपल्या पत्रात कुठेही नाही. अशा घरांतील मुलांशी बोलण्याचा मला बराच अनुभव आहे. वडिलांनी शेत विकले हे ज्याला ठाऊक असते, तो मुलगा पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर घरी सांगत नाही. पुढच्या सत्रातही सांगत नाही. सुटीत गावी येण्याचे टाळू लागतो, आणि पदवी अजून कित्येक विषय दूर आहे हे घरच्यांना कळते तेव्हा चौथे वर्ष उजाडलेले असते. त्या मुलाला आळशी म्हणणे सोपे आहे, पण जमिनीचा भार त्याच्या डोक्यावर आपणच ठेवलेला असतो. हे आपल्याला कठोर वाटेल. तरीही आत्ताच सांगणे मला आवश्यक वाटते.

गाव खाणीशेजारी असल्याचा अधिकारीपदासाठी काहीही उपयोग नाही. मॉइल ही केंद्र सरकारची कंपनी आहे; तिच्या अभियंत्यांच्या जागा जाहिरात देऊन भरल्या जातात आणि त्यांसाठी देशभरातून अर्ज येतात. शिवाय खाणीची जबाबदारी सांभाळायला केवळ पदवी पुरत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाची व्यवस्थापकपदाची प्रमाणपत्रे असतात. त्यांसाठी प्रत्यक्ष खाणीतील अनुभव आणि परीक्षा दोन्ही लागतात, आणि कोळशाची व धातुखनिजांची प्रमाणपत्रे वेगवेगळी असतात. आपल्याच तालुक्यातील चिखल्याच्या भूमिगत खाणीत खनिज काढून झाल्यावर रिकामी झालेली जागा पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात आणि मग त्या भरावावर उभे राहून वरचा थर काढतात. छत किती काळ टिकेल, हवा पुरेशी खेळते आहे की नाही, याचा निर्णय तिथल्या अभियंत्याला रोज घ्यावा लागतो आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. मनाविरुद्ध आलेल्या तरुणाने ते काम करावे असे मला वाटत नाही.

मुलाला आयटीआयला जाऊ द्या. डोंगरी बुजुर्गसारख्या खुल्या खाणीत डंपर आणि उत्खनन यंत्रे चालू ठेवणारे हात नसतील तर सगळे काम थांबते. डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम, त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, आणि पुढे इच्छा झाली तर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा रस्ता खुला आहे. लोक काय म्हणतील या प्रश्नासाठी जमीन विकणे मला योग्य वाटत नाही.

खरे तर आपले पत्र मुलाविषयी असले, तरी मला त्यात महत्त्वाची वाटली ती मुलगी.

ती खडे पाण्यात बुडवून काय करते, हे आपण तिला विचारले आहे का? माझ्या अंदाजाने ती आधी खडा हवेत तोलते, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलते, आणि पहिल्या वजनाला दोन्हींतील फरकाने भागते. समजा एक खडा हवेत 240 ग्रॅम आणि पाण्यात 180 ग्रॅम भरला, तर उत्तर 4 येते, म्हणजे तो खडा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या चौपट जड आहे. पांढऱ्या गारेचा खडा घेतला तर ते 2.65 च्या आसपास येते, आणि आपल्या भागातील ब्राउनाइट किंवा पायरोल्युसाइटसारख्या मँगनीज खनिजाचा शुद्ध तुकडा असेल तर साधारण पावणेपाचपर्यंत जाते. म्हणजे खड्यात खनिज किती आणि गार किती, याचा पहिला अंदाज ती घरातल्या तराजूवर काढते आहे. खाणीवर निवडणीला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच हाताने करत आल्या आहेत. काळा, जड तुकडा एका ढिगाऱ्यात आणि हलका दुसऱ्या. या ज्ञानावर एक संपूर्ण शास्त्र उभे आहे आणि त्याला खनिज प्रक्रिया म्हणतात. त्यातील जिग नावाच्या यंत्रात पाण्याला खालून ठरावीक लयीने उसळी देतात, तेव्हा जड दाणे तळाशी बसतात आणि हलके वर येतात; सुपात धान पाखडताना वाऱ्याने जे होते, ते इथे पाण्याने होते.

हे शास्त्र आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे झाले आहे. पोलादासाठी मँगनीज लागतेच, कारण ते वितळलेल्या लोखंडातील ऑक्सिजन आणि गंधक बांधून घेते. आपला देश खनिज काढतो आणि तरीही मोठ्या प्रमाणावर आयात करतो. उच्च प्रतीचे साठे आटत चालले आहेत. उरलेल्या खनिजात सिलिका, म्हणजे गार ज्याची बनलेली असते ते द्रव्य, जास्त असते आणि अनेक ठिकाणी फॉस्फरसही असतो, जो पोलादात उतरला तर ते ठिसूळ होते. हा फॉस्फरस दाण्यांत इतका बारीक विखुरलेला असतो की हाताने निवडून तो जात नाही. दळायचे किती, वेगळे कसे करायचे आणि त्याचा खर्च परवडेल का, हे संशोधनाचे खरे प्रश्न आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते, तिथे कसोट्या पुन्हा वेगळ्या. अशा प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांसाठी मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागणार नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपूरला आहे आणि त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळाही तिथेच हिंगण्याला आहे. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारे जवाहरलाल नेहरू केंद्र नागपूरजवळच वाडीला आहे.

आता ‘खाणीत मुलींना घेत नाहीत’ या आपल्या वाक्याविषयी. हा समज निराधार नव्हता, पण आता तो जुना झाला आहे. 1952 च्या खाण कायद्याने महिलांना भूमिगत कामाला मनाई केली होती, आणि जमिनीवरील कामही सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच करता येत असे. 2019 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी महिलांना भूमिगत खाणीत उतरण्याची, आणि खुल्या खाणीत रात्रपाळी करण्याची मुभा दिली. त्यासाठी त्यांची लेखी संमती आणि एका पाळीत किमान तीन महिला, अशा अटी त्या अधिसूचनेत होत्या. त्याही आधी, डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांनी खाण अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी न्यायालयात दाद मागितली, 1999 मध्ये पदवी घेऊन त्या देशातील पहिल्या महिला खाण अभियंता ठरल्या, आणि पुढे केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या. शिवाय खनिज प्रक्रिया आणि धातुशास्त्र ही कामे प्रयोगशाळेत, प्रक्रिया संयंत्रात आणि कारखान्यात चालतात. भूमिगत कामाच्या मनाईचा त्यांच्याशी कधी संबंधच नव्हता. नर्सिंग हा चांगला आणि आदराचा पेशा आहे, पण तो तिने निवडलेला नाही.

प्रवेशाचे मार्ग नेहमीचेच आहेत: नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण आणि धातुशास्त्र या दोन्ही शाखांना जेईई मेनमधून, पुण्याच्या सीओईपीत धातुशास्त्राला सीईटीतून, आणि धनबादच्या आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्डमधून. माझा सल्ला असा की शाखा निवडताना तिने खाणीपेक्षा धातुशास्त्राला पहिली पसंती द्यावी, कारण तिची ओढ खणण्याकडे नसून खडा ओळखण्याकडे आहे. अभियांत्रिकी नाही जमली, तर भूशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी करून संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते.

पैशांची बाब आपण मुलीच्या संदर्भात विचारलेलीच नाही, म्हणून मी सांगतो. 2024 पासून महाराष्ट्रात वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील कुटुंबांच्या मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ती लागू नाही. व्हीएनआयटी ही केंद्राची संस्था असल्याने तिथे हा निर्णय लागू होत नाही, परंतु अशा संस्थांमध्ये वार्षिक 1 लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते आणि 5 लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ असते. वसतिगृहाचा आणि जेवणाचा खर्च राहील. त्यासाठी जमीन विकावी लागत नाही.

म्हणून व्यवस्थापन कोट्यासाठी कोणाला विसार दिला असेल तर तो परत मागा, आणि जमिनीचा व्यवहार थांबवा. सेतू केंद्रातून उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा दाखला, आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र, मुलगी बारावीत जाण्याआधी काढून ठेवा. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर गर्दी असते आणि एका दाखल्यापायी जागा जाते. मुलाचा आयटीआयचा अर्ज मात्र याच फेरीत, त्याच्या स्वतःच्या हाताने भरू द्या.