पप्पा गेले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, मी वाईट मुलगी आहे का?

दारूने माणूस गेलेल्या घरातून हा प्रश्न मला सारखा येतो, फक्त नातं बदलतं, कधी नवरा कधी भाऊ. यावेळी मुलगी होती, पस्तिशीची, बँकेत नोकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वडील एमआयडीसीत फिटर. लिव्हर गेलेलं, पोटात पाणी व्हायचं ते काढायला सारखं अ‍ॅडमिट, शेवटी रक्ताची उलटी झाली आणि गेले. आता वर्षश्राद्ध जवळ आलेलं आणि हिला टेन्शन की लोक परत येणार, "देवमाणूस होता" म्हणणार, आणि हिला ना रडू येणार ना हो ला हो करता येणार.

दहाव्याचा राग तर अजून तसाच होता. घाटावर पिंडाला कावळाच शिवेना, पोरांचं बघू म्हणून झालं, वहिनीला सांभाळू म्हणून झालं, सगळे ताटकळलेले. मग चुलत्यांनी कुणाला तरी पिटाळून क्वार्टर आणली, ग्लासात ओतून पिंडाशेजारी ठेवली आणि जरा वेळात कावळा आला. लोक चक्क हसले. "ताई, मेल्यावर पण आमच्यापेक्षा तीच जवळची." कावळा त्याच्या वेळेने येतो हे तिलाही कळतं हो, पण राग कुठे लॉजिक बघतो.

सुटल्यासारखं वाटण्याचं मला काही नवल वाटलं नाही. लहानपणापासून रात्री ती स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून असायची, स्टँड एका दमात लागला तर ठीक, दोनतीनदा घासला की धाकट्याला घेऊन आतल्या खोलीत. एवढी वर्षं असा कान लावून काढल्यावर तो आवाज कायमचा थांबला तर अंग सैल पडणारच, त्याचा प्रेम असण्यानसण्याशी काय संबंध?

मी म्हटलं रात्रीचं राहू दे, सकाळचे पप्पा सांग. बराच वेळ गप्प. मग म्हणाली जूनमध्ये वह्यापुस्तकांना खाकी कव्हरं तेच घालायचे, कोपरे मुडपून, एकदम कडक, पण हात इतके थरथरायचे की लेबल तिरकं बसायचं. तिला वाटायचं रात्रीची उतरली नसेल. मी सांगितलं अगं उलट आहे. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती उतरायला लागली की हात कापतात, म्हणून तर कितीतरी जण सकाळीच एक घोट घेतात आणि मग हात स्थिर होतात. (आणि म्हणूनच अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, जीवावर बेततं, डॉक्टर पाहिजेच.) ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे कव्हर घालताना ते प्यायलेले नसायचे?" आणि तिथे तिला रडू फुटलं, वर्षभराचं.

नंतर खरा काटा निघाला. शेवटच्या महिन्यात त्यांनी औषधाला म्हणून पैसे मागितले, हिने दिले, त्यांनी त्याची दारू आणली, तेच तिला खात होतं. घरच्यांसाठीचे अल-अनॉनचे गट 1951 पासून चालतात, तिथे तीन गोष्टी घोकून घेतात, दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुमच्या हातात तिचा कंट्रोल नाही, तुम्ही ती बरी करू शकत नाही. आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण 1986 पासून याला आजार समजूनच उपचार करतंय. पण आजार होता म्हणजे आईला मारलेलं माफ, असं मी कधीच म्हणत नाही, तिलाही नाही म्हटलं. दोन्ही राहू दे, राग पण आणि कव्हरं पण.

मुलाला "आजोबा तापाने गेले" असं सांगितलेलं होतं. ते बदलायला लावलं, कारण घरात कुणाला व्यसन असेल तर पुढच्या पिढीला धोका जास्त असतो, पोराला वयाप्रमाणे खरं कळायलाच हवं.

वर्षश्राद्धाला तिने चुलत्यांना आधीच बजावलं, काका, बाटली आणायची नाही. ते कुरकुरले पण आणली नाही. कुणीतरी देवमाणूस म्हणालंच, ही म्हणाली, "हो, सकाळी होते." आईला मात्र आजार हा शब्दच मान्य नाही, ती म्हणते आजारी माणूस औषधाचे पैसे पिऊन टाकत नाही. मी सांगितलंय पुढच्या वेळी आईंना पण घेऊन ये, बघू येतात का.