जॉन विल्यम्सची ‘स्टोनर’ ही कादंबरी काहींना रटाळ वाटते, तर काही जण डोक्यावर घेतात. असं का?

पहिल्याच परिच्छेदात लेखक सगळं सांगून मोकळा होतो: नायक विल्यम स्टोनर १९१० साली मिसुरी विद्यापीठात आला, तिथेच शिकवत राहिला, सहाय्यक प्राध्यापकाच्या वर गेला नाही. ‘पुढे काय?’ म्हणून वाचणारे तिथेच पुस्तक मिटतात. १९६५ साली कादंबरी आली तेव्हा जेमतेम दोनेक हजार प्रती खपल्या. युरोपात ती गाजली २०११च्या फ्रेंच अनुवादानंतर.

मला विचाराल तर वर्गातला तो प्रसंग वाचाच. सर शेक्सपिअरच्या एका सुनीताचा (सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता) अर्थ विचारतात, या शेतकऱ्याच्या पोराच्या तोंडून शब्द फुटत नाही, नुसता आपल्या रापलेल्या हातांकडे बघत राहतो. पुढे शेतीचं शिक्षण सोडून साहित्याकडे वळतो.

मुलगी हातची जाते तरी गप्प बसतो म्हणून चिडणारेही आहेत. बायकोला उगाच खलनायिका केलंय, हा आक्षेप मात्र मलाही पटतो.