परदेशी फील्डवर्क: हक्क शिकायचे म्हणजे काय?

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजमधून १२ आठवड्यांच्या परदेशी फील्डवर्कची संधी मिळते आहे. तिथे मानवी हक्कांवर भर आहे म्हणे. पण हा तर कायद्याच्या विद्यार्थ्यांचा विषय ना? मी जाऊ का?

उत्तर : हा विषय वकिलांइतकाच तुझाही आहे. २०१४ मध्ये मेलबर्नला मान्य झालेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येत सामाजिक न्याय आणि मानवी हक्क ही मध्यवर्ती तत्त्वं आहेत. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, संयुक्त राष्ट्रांनी समाजकार्याच्या शिक्षणसंस्थांसाठी मानवी हक्कांची खास पुस्तिका काढली होती.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातली ३० कलमं घरी बसूनही वाचता येतील. फील्डवर्कमध्ये शिकायचं ते केसकडे पाहणं. समजा, आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या एका मुलीची केस तुझ्याकडे आली. आपला हात आधी गरजांच्या यादीकडे जातो: निवारा, शाळा, समुपदेशन. हक्कांच्या बाजूने पाहिलंस तर पहिला प्रश्न येतो, ती कुठे राहणार हे ठरवताना तिला कुणी विचारलं का? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) १२ व्या कलमानुसार तिचं वय आणि समज लक्षात घेऊन तिच्या मताला वजन द्यावंच लागतं. विचारलं नसेल, तर ती जबाबदारी कुणाची होती, हेही मग केस रेकॉर्डमध्ये लिहावं लागतं.

परक्या देशात हे लवकर जमतं, कारण तिथलं काहीच सवयीचं नसतं आणि 'हे असं का?' पटकन तोंडात येतं. मात्र 'त्यांच्याकडे हक्क आहेत, आपल्याकडे नाहीत' किंवा याच्या उलट, अशा तुलनेत अडकू नकोस. यात भल्याभल्यांची गल्लत होते.

होकार देण्याआधी कॉलेजला स्पष्ट विचार: तिथे प्रशिक्षित सुपरव्हायझर कोण? भाषा येत नसेल तर दुभाष्या मिळेल का? तुझ्या येण्याने संस्थेवर कामाचा भार तर वाढत नाही ना? काम बालगृहात मुलांना लळा लावून १२ आठवड्यांनी निघून येण्याचं असेल, तर मी नाहीच म्हणेन. आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सोडून जाणारी माणसं भेटू नयेत, असं मला मनापासून वाटतं. लोकांचे फोटोही संमतीशिवाय काढायचे नाहीत.

परतल्यावर कॉलेज चर्चासत्रं घेणार आहे का, हेही विचारून घे. नसेल तर तसा आग्रह धर, आणि तिथल्या डायरीतले प्रश्न इथल्या तुझ्या चालू केसना लावून बघ.