गेम न खेळता, सिनेमा न बघता नुसता साउंडट्रॅक अल्बम ऐकण्यात काही अर्थ आहे का? आणि ऐकायचाच तर निवडक तुकड्यांचा छोटा अल्बम ऐकावा की सगळं संगीत असलेली ‘कम्प्लीट’ आवृत्ती?

अर्थ आहे. शंभर टक्के आहे. तुम्ही लिहिलंय की मित्र म्हणतात, “गेम खेळलाच नाहीस, तर त्याच्या संगीतावर बोलायचा तुला अधिकार नाही.” हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. लांबेल, आधीच सांगते.

ज्या गेम्सच्या संगीतावर मी तासन्‌तास बोलू शकते, त्यातल्या बहुतेक मी खेळलेल्याच नाहीत. ऐकल्या आहेत. आमच्याकडे कंट्रोलर कायम दादाच्या हातात असायचा आणि माझं अभ्यासाचं टेबल त्याच खोलीत होतं, टीव्हीकडे पाठ करून. त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते मला दिसायचं नाही, पण कानावर सगळं यायचं. दादा कुठे अडकला की तीच चाल दुपारभर फिरत राहायची. तो वैतागायचा, मी ऐकत बसायचे. आवर्तन संपून चाल पुन्हा समेवर येते तो सांधा कुठे आहे, हे मला पाठ झालं होतं. काही चालींचा सांधा इतका बेमालूम असायचा की पुन्हा सुरुवात झाली हे दोन ओळी पुढे गेल्यावरच लक्षात यायचं. काहींचा दर वेळी खटकायचा. चांगला आणि सुमार संगीतकार यांतला फरक मी तिथे बसून शिकले.

हा सांधा एवढा महत्त्वाचा का, तर जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, जागाच नव्हती. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलच्या ध्वनीसाठी फक्त 64 किलोबाइट मेमरी होती आणि एका वेळी आठच आवाज वाजू शकत. 1994 च्या ‘फायनल फँटसी 6’ या गेमचं सगळं संगीत, त्यातला तो ऑपेराचा प्रवेशसुद्धा, संगीतकार नोबुओ उएमात्सुंनी याच मर्यादेत बसवलंय. लांबलचक रेकॉर्डिंग ठेवायची सोयच नव्हती. म्हणजे छोटी चाल लिहायची, आणि ती पन्नास वेळा कानावरून गेली तरी माणसाला वीट येता कामा नये. ऐकणाऱ्याचं लक्ष शत्रूवर, नकाशावर, उरलेल्या औषधाच्या बाटल्यांवर असणार, हे धरूनच ती लिहायची. असं संगीत पडद्यापासून वेगळं केलं की कोसळेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते नीट ऐकलेलंच नाही.

उलट माझं ठाम मत आहे की अल्बम म्हणून गेमचं संगीत सिनेमाच्या पार्श्वसंगीतापेक्षा जास्त टिकतं. सिनेमात संगीताला संवाद आला की खाली वाकावं लागतं, सीन कापला की थांबावं लागतं, दार धाडकन उघडलं की दचकावं लागतं. चाल पुरी उमलायला सवडच मिळत नाही. गेममध्ये खेळणारा किती वेळ लावेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून चालीला स्वतःच्या बळावर उभं राहावंच लागतं.

आता दादाशी झालेल्या भांडणाकडे येते. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ ही गेम 2005 साली आली. संगीत को ओतानींचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: प्रचंड ओसाड प्रदेश, त्यात सोळा महाकाय प्राणी, आणि एकेकाला शोधून मारायचं. घोड्यावरून हिंडताना संगीत जवळपास नसतंच, फक्त वारा आणि टापा. त्यामुळे संगीत सुरू झालं की पाठमोरी बसूनही मला कळायचं, सापडला. आधी दबकत चालणारी, अस्वस्थ चाल. मग कधीतरी एकदम पितळी वाद्यं उसळायची, सगळा वाद्यवृंद एका दिशेने धावायला लागायचा, आणि मला न बघता समजायचं की दादा त्या प्राण्याच्या अंगावर चढला.

प्राणी कोसळला की तिसरंच काहीतरी वाजायचं. दादाच्या लेखी ती जिंकल्याची खूण होती. तो कंट्रोलर ठेवायचा, हात झटकायचा, पाणी प्यायला उठायचा. ती चाल शोकाची आहे. संथ, खाली उतरत जाणारी, कुणीतरी गेल्यावर घरात असते तशी. एकदा मी त्याला म्हटलं, “दादा, हे जिंकल्याचं नाहीये. तू काहीतरी वाईट केलंयस, असं म्हणतायत ते.” तो म्हणाला, “तू खेळतेस का? मग गप्प बस.” गेम शेवटाला गेल्यावर कथेनेही नेमकं तेच सांगितलं. त्याला ते कळायला शेवट बघावा लागला, मला पहिल्याच प्राण्याला कळलं होतं, कारण तो बघत होता आणि मी ऐकत होते.

पुढे त्या गेमचा ‘रोअर ऑफ द अर्थ’ हा अल्बम मी मिळवला आणि हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला. दादाचा आक्षेप तयारच होता: “ती अस्वस्थ चाल वेगळा ट्रॅक, चढल्यानंतरची वेगळा ट्रॅक. माझ्या खेळण्याने एकातून दुसऱ्यात जे वळण यायचं, ते कुठाय यात? हे खरं संगीत नव्हेच, आठवण म्हणून ठेवायची वस्तू आहे.” मुद्दा बिनतोड वाटतो. ते वळण अल्बमवर नाही हे खरंच आहे. खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे संगीत वळवायचं तंत्र तसं जुनं आहे. लुकासआर्ट्स या गेम कंपनीच्या मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची प्रणाली बनवली आणि 1991 च्या ‘मंकी आयलंड 2’ या गेममध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना चाल न तुटता बदलायची. ही कला अल्बमवर आणता येत नाही, मान्य.

पण त्यावरून अल्बम खोटा कसा ठरतो? वळण जातं आणि चाल उरते. खेळताना त्या चढाईच्या चालीवर प्राण्याच्या डरकाळ्या, तलवारीचे घाव, घोड्याचं खिंकाळणं आणि दादाच्या शिव्या एवढं सगळं असायचं. त्याखाली तंतुवाद्यं काय करतायत हे मला अल्बमवर पहिल्यांदा ऐकू आलं. शोकाची ती चाल तर अल्बमवरच पुरी ऐकावी. गेममध्ये ती वाजत असताना खेळणारा आधीच पुढच्या प्राण्याचा विचार करत असतो.

दादाचा मूळ सिद्धांत असा की चित्र हेच मूळ आणि संगीत त्याच्या मागून येतं. या सिद्धांताला मी ‘एलियन’ दाखवते. 1979 चा सिनेमा, संगीत जेरी गोल्डस्मिथ. त्यांनी लिहिलेलं बरंच संगीत संकलनात इकडचं तिकडे लावलं गेलं. काही ठिकाणी तर त्यांच्याच 1962 च्या ‘फ्रॉइड’ या सिनेमातले तुकडे चिकटवले आणि अखेरीला हॉवर्ड हॅन्सन या दुसऱ्याच संगीतकाराची दुसरी सिंफनी वापरली. गोल्डस्मिथनी या सिनेमासाठी लिहिलेला शेवट ऐकायचा तर अल्बमच लावावा लागतो. मग खरं संगीत कुठलं? पडद्यावरचं, की संगीतकाराने लिहिलेलं? दादाकडे याला आजवर उत्तर नाही. “अपवाद आहे” म्हणतो.

मग अपवाद मोजूच. ‘ई.टी.’च्या अखेरच्या प्रसंगाला संगीतकार जॉन विल्यम्सना चित्राबरोबर ताल जुळवायला अडचण येत होती, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गनी पडदा बंद केला, मैफलीत वाजवता तसं वाजवा म्हणाले आणि नंतर सिनेमा त्या संगीतावर कापला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी संगीतकार मोरिकोनेंनी रचलेल्या गाजलेल्या चाली चित्रीकरणाआधीच तयार होत्या आणि सेटवर वाजवल्या जायच्या, नट त्यावर चालायचे. म्हणजे इथे चित्रच संगीताच्या मागून गेलं. ‘ब्लेड रनर’ 1982 चा, पण त्याचा संगीतकार व्हँजेलिसचा स्वतःचा अल्बम यायला 1994 उजाडलं. मधल्या काळात बाजारात होता तो दुसऱ्या वाद्यवृंदाने नव्याने वाजवलेला. लोकांनी बारा वर्षं वाट बघितली, ती आठवण म्हणून ठेवायच्या वस्तूची नव्हे.

तुमचा दुसरा प्रश्न, छोटा की कम्प्लीट. दादा सध्या कम्प्लीटवाला झालाय. प्रत्येक स्कोअरची, म्हणजे पार्श्वसंगीताची, सगळ्यात लांब आवृत्ती हवी, सगळे ट्रॅक सिनेमातल्या क्रमाने हवेत, चाळीस सेकंदांचा दचकवणारा तुकडाही सुटता कामा नये. मला हे पटत नाही. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ची दोन तबकड्यांची रेकॉर्ड विल्यम्सनी स्वतः लावली होती आणि तिचा क्रम सिनेमाचा नाही. राजकन्या लेयाची थीम, म्हणजे तिची ठरलेली चाल, त्यात एका सलग रचनेसारखी येते, तशी ती सिनेमात कुठेच नाही. संगीतकार जेव्हा ठरवतो की याच्यानंतर हे, आणि हे गाळायचं, तेव्हा तो दुसऱ्यांदा रचनाच करत असतो. ती मोडून पुन्हा सिनेमाच्या क्रमाने लावायची हौस मला कळत नाही. गेमच्या अल्बमचंही तेच. प्रत्येक लूप, म्हणजे फिरत राहणारी चाल, दोनदा वाजवून आवाज हळूहळू विझवायचा आणि असे ऐंशी ट्रॅक ओळीने ओतायचे, ही गोदामातली यादी झाली.

अर्थात छोटे अल्बम नेहमी कलेच्या विचाराने छोटे झाले असं नाही. अमेरिकेत सिनेमासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर काढायचं, तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागायचे (आणि ते त्यांना मिळायलाच हवेत), म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांतले गोल्डस्मिथचे कितीतरी अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास आहेत. तरी त्यातले काही मला नंतरच्या लांब आवृत्त्यांपेक्षा जास्त आवडतात.

आणि दादाच्या बाजूने दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. ‘इंटरस्टेलर’चा नेहमीचा अल्बम पहिल्यांदा आला तेव्हा यान जोडण्याच्या प्रसंगाचं ते ऑर्गनचं संगीतच त्यात नव्हतं. सिनेमा बघून आलेला प्रत्येक जण तेच शोधत होता. असं गाळणं अक्षम्य. दुसरी गोष्ट, हॉवर्ड शोअर यांचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. पहिल्या भागाची कम्प्लीट आवृत्ती 2005 मध्ये आली, तीन डिस्क, सुमारे तीन तास, आणि ती सगळी ऐकण्यासारखी आहे, कारण थीम कशा वाढतात, एकमेकींत कशा मिसळतात ते लांब पल्ल्यातच कळतं. पण असं लिहिणारे शोअर किती? म्हणून आधी छोटा अल्बम. तो तुम्हाला झोपेतही आठवायला लागला तरच लांब आवृत्तीकडे जा.

सुरुवात कुठून करावी, तर तुम्ही काहीच बघितलेलं-खेळलेलं नाही असं धरून सांगते. ऑस्टिन विंटोरींचं ‘जर्नी’ या गेमचं संगीत, 2012. चेलो या तंतुवाद्याभोवती बांधलेलं आहे, सलग एका रचनेसारखं ऐकता येतं, आणि स्कोअरच्या विभागात ग्रॅमीचं नामांकन मिळालेलं ते पहिलं गेमसंगीत. मग 2010 ची ‘निअर’ ही गेम, संगीत केइइची ओकाबे यांचं. त्यातली बहुतेक गाणी गायिका एमी एव्हान्सने स्वतः बनवलेल्या भाषांत आहेत, त्यामुळे खेळलेल्यालाही शब्द कळत नाहीत आणि न खेळलेल्यालाही. तुमच्या मित्रांना हाच अल्बम ऐकवा आणि अधिकाराचं काय ते विचारा. सिनेमात ‘ब्लेड रनर’चा 1994 चा अल्बम. त्यात मध्येमध्ये संवाद मिसळलेत, ते मला आवडत नाहीत, पण संगीत इतकं चांगलं आहे की चालवून घ्या.

एक काळजी मात्र घ्या. पुढे तो सिनेमा बघायचा किंवा गेम खेळायचा विचार असेल, तर ट्रॅकची नावं वाचू नका. 1999 मध्ये ‘द फँटम मेनेस’चा अल्बम सिनेमाच्या आधी बाजारात आला आणि त्यावरच्या ट्रॅकच्या नावांवरूनच एक महत्त्वाचं पात्र मरतं हे लोकांना कळलं. गेमच्या अल्बमवर तर शेवटच्या शत्रूचं नाव बऱ्याचदा ठळक छापलेलं असतं. यादी झाका, पहिला ट्रॅक लावा आणि पुढचे आपोआप वाजू द्या.